अर्ध्यावर लावलेलं झाकण

१

मच्छिंद्र मिस्त्री घाई करणारा माणूस नव्हता. शिरूरला नगर रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी तो आपल्या चालीनंच काम करायचा. गाडीवाले त्याच्या नावानं बोटं मोडायचे आणि गाडी मात्र त्याच्याकडेच आणायचे.

ही शिस्त त्याला त्याच्या दाजींनी लावली होती. थोरल्या बहिणीचा, मुक्ताआक्काचा, नवरा सावळाराम दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर. मेहुण्याला त्यानं दोन वर्षं आपल्या घरी ठेवून घेतलं आणि हातात पाना धरायला शिकवलं. इंजिनात पाणी नुसतं ओतायचं नसतं, हा त्याचा पहिला धडा. पाणी भरताना आत हवा अडकते, हवा अडकली की पाणी फिरत नाही, आणि मग इंजिन तापून बसतं. म्हणून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, वरचा रबरी पाइप हातानं दाबत राहायचं, आणि शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत तिथून हलायचं नाही. अर्ध्या हवेवर झाकण लावणाऱ्या मिस्त्रीला दाजी अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवणारा न्हावी म्हणायचे.

त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, मच्छिंद्र पोपटराव बागायतदारांच्या अँबॅसडरचा फाटलेला पाइप बदलत होता. तेवढ्यात न्हावऱ्याहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप दिला. आईला भेटायला माहेरी आलेली आक्का दोन दिवस तापानं फणफणली होती, आणि पहाटेपासून तिला श्वास पुरत नव्हता. तिला ताबडतोब दौंडला, रेल्वेच्या दवाखान्यात हलवायला हवं होतं. पोपटराव तिथंच बसले होते. त्यांनी काही न विचारता गाडीची किल्ली मच्छिंद्रच्या हातावर ठेवली.

हवा काढायला वीस मिनिटं लागली असती. मच्छिंद्रनं डबाभर पाणी ओतलं, झाकण लावलं आणि निघाला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं असं केलं, आणि केलं ते सख्ख्या बहिणीसाठी केलं, म्हणून त्याला त्याचं काही वाटलं नाही.

२

न्हावऱ्यात शेजारणींनी आक्काला उचलून मागच्या सीटवर गोधडीवर निजवलं. आईचे गुडघे धरलेले, ती दारातच राहिली. गाडी दौंडच्या रस्त्याला लागली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि दोन्ही बाजूंच्या रानांत हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं.

आक्काचा श्वास इंजिनाच्या आवाजावरून ऐकू येत होता. मच्छिंद्रचा कान आवाज पकडण्यात तरबेज होता. डोळे मिटून तो गाडीचा कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगायचा. तसाच तो नकळत आक्काचा श्वास मोजू लागला. एक लांब ओढ. मग काहीतरी अडल्यासारखी उसंत. मग दोन आखूड. पुन्हा एक लांब. अर्ध्या तासात त्याला तो ठेका पाठ झाला.

दाजींना शेडमध्ये निरोप गेलाय, ते दवाखान्याच्या दारातच भेटतील, असं त्यानं तिला दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा हुंकारली.

इनामगावच्या फाट्याच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा एकदम उठला आणि शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. सकाळची वीस मिनिटं आता व्याजासकट वसूल होणार, हे मच्छिंद्रला कळून चुकलं. त्यानं गाडी रस्त्याकडेच्या चढावर, तोंड वर करून उभी केली. तोंड वर असलं म्हणजे आतली हवा रेडिएटरकडे जमते. घाबरला होता तरी एवढं भान त्याला होतं.

३

तिथं दुष्काळी काम चालू होतं. वीस-पंचवीस बाया रस्त्याकडेला ओळीनं बसून खडी फोडत होत्या. लिंबाखाली पाण्याची दोन पिंपं होती, एक मोठं आणि एक लहान. ती दोन का आहेत हे तिथं कुणी बोलत नव्हतं आणि मच्छिंद्रला विचारावं लागलं नाही. तो सवयीनं लहान पिंपाकडे गेला.

पिंपापाशी बसलेल्या म्हातारीला त्यानं जयभीम घातला. जाईबाई तिचं नाव. मागच्या सीटवर काय आहे हे त्यानं सांगताच तिनं हातोडी खाली ठेवली.

"घे की," ती म्हणाली. "मानसापरीस पानी मोठं हाय व्हय?"

इंजिन जरा निवू देऊन मच्छिंद्रनं झाकणावर ओलं पोतं टाकलं आणि झाकण अर्धं फिरवून वाफ सोडली. मग इंजिन चालू करून तो सावकाश पाणी ओतू लागला. त्याच्याजवळ तेलाचा रिकामा डबा होता, पाच लिटरचा. अँबॅसडरच्या पोटात आठ-नऊ लिटर पाणी मावतं. गाडी अगदी ठणठणीत कोरडी असती तरी दोन डबे पुष्कळ झाले असते.

दोन डबे गेले. रेडिएटरच्या तोंडात वाकून पाहिलं तर पाणी दिसेना.

तिसरा गेला, चौथा गेला. मच्छिंद्र गाडीखाली आडवा झाला. खाली धूळ कोरडी होती, एक थेंब पडलेला नव्हता. पाणी तेलात उतरलं असेल म्हणून त्यानं तेलाची काडी काढून पाहिली. तेल स्वच्छ होतं. मग सायलेन्सरपाशी गेला, कारण गॅस्केट फुटलं तर तिथून पांढरा धूर येतो. तोही नव्हता. वीस लिटर पाणी आत गेलं होतं आणि ते गाडीत नव्हतं.

त्यानं स्वतःला समजावलं, की डबा भरताना आपण घाईत अर्धाच भरला असेल. उन्हात माणसाचा हिशोब चुकतो. पण पिंपाचा तळ दिसू लागला होता आणि त्यात हिशोबाचा प्रश्न नव्हता.

"दादा, हिच्या पोटात हीर हाय का रं?" जाईबाईनं विचारलं. जवळच्या दोघी-तिघी हसल्या. मच्छिंद्रही हसला, आणि हसल्यानं त्याला बरं वाटलं.

पाचवा डबा ओतताना पाणी एकदम काठोकाठ आलं. त्याच क्षणी गाडीत आक्काला ठसका लागला. जाईबाई धावली, तिनं मागचं दार उघडून आक्काचं डोकं मांडीवर घेतलं.

"दादा, बाईच्या तोंडातनं पानी येतंय," ती तिथूनच म्हणाली. "तांबडं."

मच्छिंद्रनं जाऊन पाहिलं. आक्काच्या हनुवटीवरून पातळ, गंजाच्या रंगाचं पाणी ओघळून पदरावर उतरलं होतं. न्युमोनियात कफ असाच तांबूस पडतो, हे त्याला माहीत होतं, वडिलांच्या वेळी शिरूरच्या कंपाउंडरनं सांगितलं होतं. तेव्हा यात नवल काही नव्हतं. त्याच्या स्वतःच्या हातालाही रेडिएटरचं तसलंच पाणी लागलं होतं. त्यानं तो हात न बघता पँटला पुसला.

४

आता हवा काढायची होती.

झाकण उघडं, इंजिन संथ चालू, हात वरच्या पाइपावर. पाइप दाबला की आत गुडगुड व्हायची आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडा येऊन फुटायचा. लिंबाएवढे बुडबुडे येत होते. मच्छिंद्रच्या जिवात जीव आला, कारण हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. हवा अडकली होती, ती निघत होती, दहा-पंधरा मिनिटांत गाडी रस्त्याला लागणार होती.

हाताला आधी कळलं, डोक्याला मागून. एक मोठा बुडबुडा. उसंत. मग दोन लहान. पुन्हा एक मोठा.

तो काही अडाणी माणूस नव्हता. त्यानं विचार केला. पंप फिरतो, त्याच्या पात्यांमुळे ठेका येत असेल. पण पंप मिनिटाला सातशे-आठशे फेरे घेतो. इंजिनात इतक्या संथ चालीची वस्तूच नसते. मग आपल्या हाताचा ठेका असेल, आपण नकळत तसा दाबत असू. त्यानं पाइपावरचा हात काढला. बुडबुडे तसेच येत राहिले.

त्यानं इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झालं की पाणी थांबायला हवं. हातोड्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. रेडिएटरच्या तोंडात पाणी क्षणभर स्थिर झालं आणि त्यातून एक मोठा बुडबुडा वर आला. उसंत. मग दोन लहान. उकळतं पाणीही बुडबुडे सोडतं, मच्छिंद्रनं स्वतःला सांगितलं. त्यानं पाण्यात बोट बुडवलं. पाणी कोमट होतं, आजाऱ्याच्या अंगाएवढं.

उघड्या बॉनेटमुळे त्याला मागची सीट दिसत नव्हती. तिकडून काही ऐकूही येत नव्हतं, आणि न्हावऱ्यापासून तर तो श्वास इंजिनावरून ऐकू येत होता.

"मावशी," त्यानं हाक मारली, "बाई कशी हाय?"

"शास बारीक झालाय. निजली वाटतं."

बुडबुडे आता बोराएवढे येत होते. दाजींच्या हाताखाली शिकलेला माणूस अशा वेळी खूश होतो, कारण बुडबुडे बारीक होणं म्हणजे काम संपत येणं. मच्छिंद्रला मात्र ते बघवेना. आपल्याला वेड लागलंय का, असं त्याला खरोखरच वाटलं. लागलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, म्हणून त्यानं जाईबाईला सांगितलं, की बाईनं श्वास घेतला की तोंडानं सांगायचं. का, ते तिनं विचारलं नाही.

"घेतला," जाईबाई म्हणाली. बुडबुडा आला.

"घेतला." बुडबुडा आला.

"घेतला." आला.

मग पाणी स्थिर राहिलं. मच्छिंद्र दोन्ही हात बॉनेटच्या कडेला धरून बघत उभा होता. पाण्यात लिंबाची फांदी दिसत होती. जाईबाई काही बोलत नव्हती. ओळीतल्या एका बाईची हातोडी तीनदा वाजली, चारदा वाजली. मग मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला, आणि जाईबाई म्हणाली, "घेतला," पण आता तिचा आवाज बदलला होता.

मच्छिंद्रनं झाकण उचललं आणि दाबून, फिरवून घट्ट लावलं.

झाकण बसताच मागच्या सीटवर आक्कानं इतका मोठा श्वास ओढला की खडी फोडणाऱ्या दोघींनी माना वर केल्या. एक लांब. उसंत. दोन आखूड. जाईबाई तिचं डोकं हळूच गोधडीवर ठेवून खाली उतरली. ती मच्छिंद्रकडे बघत होती आणि मच्छिंद्र झाकणाकडे. पिंपात तळाला तांब्याभर पाणी उरलं होतं, त्याबद्दल ती बोलली नाही. तिनं रेडिएटरला हात जोडले आणि पाठमोरी होऊन आपल्या जागेवर जाऊन बसली.

५

आत हवा ठेवून गाडी हाकायची म्हणजे इंजिन जाळायचा उद्योग. इंजिन जॅम झालं असतं तर आक्का त्या उन्हात रस्त्यावरच राहिली असती. झाकण उघडलं असतं तर... पुढचं मच्छिंद्र मनातसुद्धा बोलला नाही. मैलभर जायचं, काटा चढला की गाडी सावलीला उभी करायची, वरून ओली फडकी टाकायची, काटा उतरला की पुन्हा मैलभर. झाकणाला हात लावायचा नाही. असं करत तो सहा वेळा थांबला. पोपटरावांच्या इंजिनाची वाट लागत होती आणि त्याबद्दल त्याला लाज वाटत होती, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

भीमा ओलांडताना आक्का पहिल्यांदा बोलली. लई गरम होतंय, असं म्हणाली. त्यानं पुढच्या दोन्ही काचा खाली केल्या.

"बाहीर न्हाई रं," ती म्हणाली. "मी हाय तिथं गरम हाय."

मच्छिंद्रनं आरशात पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती. काटा शेवटच्या खुणेला टेकला होता.

६

दवाखान्याच्या आवारात गाडी आली तेव्हा तीन वाजून गेले होते. खाट खिडकीपाशी मिळाली. खिडकीबाहेर चिंचेची सावली होती, तिथंच मच्छिंद्रनं गाडी लावली. डॉक्टरांनी छाती तपासली, इंजेक्शन दिलं, नळी लावली. तासाभरानं पुन्हा तपासून ते म्हणाले, की अजून दोन तास उशीर झाला असता तर कठीण होतं, आता काळजीचं कारण नाही. ताप उतरायला लागला होता. आक्कानं डोळे उघडले, मच्छिंद्रला ओळखलं, आणि जेवलास का म्हणून विचारलं.

तेव्हा तो रडला. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन, भिंतीकडे तोंड करून, पोटभर रडून घेतलं. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. उपाशी पोट, डोक्यावर ऊन, जिवाला घोर, अशात माणसाला काय वाटेल ते खरं वाटतं. म्हातारी "घेतला, घेतला" म्हणत होती ती बहुधा आपला चेहरा बघूनच म्हणत असेल. तो स्वतःला असं सांगत होता, आणि उघडं बॉनेट आड असताना तिला आपला चेहरा दिसतच नव्हता हे त्याला आठवत होतं.

सावळारामला निरोप उशिरा मिळाला होता, तो शेडमधून तसाच, तेलकट कपड्यांनी आला. दोघांचा जयभीम झाला. बायकोच्या कपाळाला हात लावून तो बराच वेळ उभा राहिला. मग बाहेर येऊन त्यानं गाडीकडे पाहिलं. बॉनेट अजून धगधगत होतं. काय झालं म्हणून त्यानं विचारलं.

मच्छिंद्रला सांगायचं होतं. पण इंजिनात हवा किती असते आणि पाणी किती मावतं हे ज्यानं आपल्याला शिकवलं, त्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"तापली जरा," तो म्हणाला. "राहू द्या दाजी, मी बघतो. तुम्ही हात लावू नका."

सावळारामनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. दिवसभर राबलेला मेहुणा आपल्याला त्रास नको म्हणतोय, असाच अर्थ त्यानं घेतला, आणि कुणीही तोच घेतला असता. तेवढ्यात नर्सनं केसपेपर लिहून आणायला सांगितलं. मच्छिंद्र आवारापलीकडच्या खोलीत कारकुनासमोर जाऊन उभा राहिला. पेशंटचं नाव, वय, नवऱ्याचा शेडमधला तिकीट नंबर. कारकून सावकाश लिहीत होता.

नवऱ्याचा हुद्दा सांगताना मच्छिंद्रला बाहेर इंजिन चालू झाल्याचा आवाज आला.

७

बॉनेट उघडं होतं. झाकण बंपरवर काढून ठेवलं होतं. सावळाराम वाकून वरचा पाइप दाबत होता, एका लयीत, सफाईनं, जसा त्यानं मच्छिंद्रला दाबायला शिकवला होता.

"हवा तशीच ठिवून आलास व्हय रं?" तो वर न बघता म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, मायाच होती. "किती हवा ही. निघता निघंना. पर आता झालंच बघ."

मच्छिंद्र धावला. त्यानं दाजींना बाजूला ढकललं आणि रेडिएटरच्या तोंडात पाहिलं. मोहरीएवढा एक बुडबुडा काठाशी येऊन चिकटला होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो फुटला. त्यानंतर काही आलं नाही. त्यानं इंजिन बंद केलं, झाकण बसवलं, पुन्हा काढलं. पाणी सपाट होतं.

खाटेजवळच्या खिडकीतून तासभर आक्काचा श्वास ऐकू येत होता. आता खिडकीतून काही येत नव्हतं. मग आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला, आणि नर्स आधी हळू आणि मग मोठ्यानं आक्काला हाका मारू लागली. व्हरांड्यातून कुणीतरी डॉक्टरांकडे पळालं.

सावळाराम खिडकीकडे वळला होता. त्याच्या हातात अजून फडकं होतं.

मच्छिंद्रनं पाना घेतला, वरच्या पाइपाची क्लिप सैल केली आणि पाइप उपसून काढला. तापलेलं पाणी त्याच्या हातावर सांडलं. त्यानं पाइपाचं टोक तोंडात धरलं आणि छातीतला होता नव्हता तेवढा वारा आत सोडला. ओठ भाजले. गंजाची आणि रबराची चव घशापर्यंत गेली. त्यानं मान वळवून श्वास घेतला आणि पुन्हा फुंकलं. एक लांब. थांबला. मग दोन आखूड.

खिडकीच्या आत कुणीतरी श्वास ओढला. एक लांब, मग दोन आखूड.

"आला, आला," नर्स म्हणाली. "आला शास."

मच्छिंद्रनं अंदाज घ्यायला क्षणभर तोंड काढलं. आतला आवाज थांबला. त्यानं घाईनं पाइप तोंडात धरला आणि फुंकलं, आणि आतून पुन्हा तसाच श्वास आला, पण आता त्यात आक्काचं काही नव्हतं. ठेका त्याचा होता. तो चुकला की आतलं चुकत होतं. त्याला धाप लागली, तशी आत धाप लागली.

तोंडात पाइप असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. तो डोळ्यांनी दाजींना सांगू बघत होता, की मला हात लावू नका.

सावळारामला एवढंच दिसत होतं, की बायको आत श्वास घेते आहे आणि मेहुण्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, त्याचे ओठ सोलून निघालेत आणि तो भाजतो आहे. त्यानं दोन वॉर्डबॉयना हाक मारली. तिघांनी मिळून मच्छिंद्रला दोन्ही दंडांना आणि कमरेला धरलं.

"सोड रं बाळा," सावळाराम त्याच्या कानाशी म्हणाला. "ती बरी हाय. ऐक, ती शास घेतीय." आणि त्यानं सगळं बळ लावून त्याला मागं ओढलं.